पळसबी, पांढरे उंदीर आणि सेलोटेपची वेळ : एका जंतनाशक चाचणीचे प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचे एक औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय. पदव्युत्तर वर्गात विद्यार्थी मोजके. अ‍ॅनिमल हाऊस म्हणजे मागच्या इमारतीतल्या दोन खोल्या, एक कुलर, एक इन्व्हर्टर आणि कित्येक वर्षांपासून तिथले उंदीर-ससे सांभाळणारे एक काका. त्या संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीवर मी बाहेरचा शास्त्रज्ञ म्हणून बसतो. नोकरी सगळी जनावरांच्या जंतांत गेली, म्हणून बोलावणे आले असावे. खालचे प्रकरण या समितीपुढे आलेले आहे. कोणाची ओळख पटेल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत, प्रयोगाचा गाभा तसाच ठेवला आहे.

विद्यार्थिनी जवळच्याच गावची. पळस तिच्या ओळखीचा. बांधावर, पांदणीला, गायरानात, जिथे नांगर जात नाही तिथे तो असतोच. पानांच्या पत्रावळी होतात, फुलांचा होळीला रंग होतो आणि पळसपापडीतली बी जंतावर देतात. आयुर्वेदातही पळसबी कृमिघ्न म्हणून सांगितली आहे, वावडिंगाच्या जोडीने ती जुन्या कल्पांत येते. आता गावातल्या पोरांना फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये शाळेत-अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी मिळते, त्यामुळे घरगुती पळसबी मागे पडली. शेळ्यांना मात्र अजून कोणी कोणी देतात. प्रबंधाचा विषय ठरला तो असा : पळसबीच्या अर्काचा गोलकृमींवरचा परिणाम.

पहिला टप्पा गांडुळांचा होता. आपल्याकडच्या बहुतेक औषधनिर्माण महाविद्यालयांत ही चाचणी ठरलेली आहे. फेरेटिमा जातीची गांडुळे आणायची, एका वाटीत अर्क, दुसरीत अल्बेंडाझोल किंवा पायपरेझिन हे नेहमीचे जंतनाशक, तिसरीत साधे सलाईन, आणि गांडूळ लुळे पडायला व मरायला किती मिनिटे लागली ते लिहायचे. गांडूळ दिसायला आतड्यातल्या मोठ्या जंतासारखे, मिळायला सोपे, खर्च जवळपास शून्य. पळसबीच्या अर्काने गांडुळे अल्बेंडाझोलपेक्षा लवकर मेली.

माझे या चाचणीबद्दलचे मत समितीला ठाऊक आहे. गांडूळ हा वलयी प्राणी, जंत हा गोलकृमी, दोघांची नाती फार दूरची. गांडुळाची ओली कातडी श्वास घेते, त्यामुळे मीठ, आम्ल, अल्कोहोल, फेस आणणारी सॅपोनिने यांतले काहीही तिला लागले की ते तडफडते. जंताच्या अंगावर जाड आवरण असते आणि तो आतड्यात, पाचक रसांत राहून जगतो. शिवाय अल्बेंडाझोल जंताच्या पेशींतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटते, त्याची अन्न शोषण्याची ताकद हळूहळू संपवते. या औषधाला दिवस लागतात. त्याला वाटीतल्या मिनिटांच्या शर्यतीत उभे करून हरवले, तर त्यातून अर्काची ताकद कळत नाही. तरीही हा टप्पा कोणी थांबवला नाही, कारण त्याला परवानगी लागत नाही. गांडुळे कायद्याच्या त्या चौकटीबाहेर आहेत.

उंदरांना मात्र परवानगी लागते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० आणि त्याखालचे १९९८चे नियम यांनुसार संस्थेच्या समितीने अर्ज तपासायचा असतो. आमच्या समितीत संस्थेचे शिक्षक, एक पशुवैद्य, अ‍ॅनिमल हाऊसचे प्रमुख, प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीने नेमलेले प्रतिनिधी, मी, आणि विज्ञानाबाहेरच्या सदस्य म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांना सगळे बाईच म्हणतात.

कोणता जंत घ्यायचा

जंतनाशकाच्या प्रयोगात खरा निर्णय औषधाचा नसतो, जंताचा असतो. कुठला जंत, कुठल्या यजमानात, किती दिवसांचा, आणि तो मेला हे कसे कळणार, एवढे ठरले की निम्मा प्रयोग झाला.

मोठ्या प्रयोगशाळांत यासाठी हेलिग्मोसोमॉइडिस हा उंदराच्या लहान आतड्यातला गोलकृमी पिढ्यानपिढ्या सांभाळतात. पूर्वी त्याला नेमॅटोस्पायरॉइडिस दुबियस म्हणत. आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचा पूर्वज याच जंताने दाखवून दिला. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी मातीतून वेगळे केलेले जिवाणू अमेरिकेत विल्यम कॅम्बेल यांच्या गटाकडे गेले, त्यांच्या वाढीचा रस या जंताची लागण केलेल्या उंदरांना देऊन पाहिला आणि एका जिवाणूच्या रसाने जंत गेले. २०१५मध्ये दोघांना त्याबद्दल वैद्यकाचे नोबेल मिळाले. गोष्ट सांगताना सगळे मातीच्या नमुन्याबद्दल बोलतात. पण तो रस पकडला गेला कारण उंदीर आणि जंताची ती जोडी तिथे आधीपासून बसवलेली होती, किती अळ्या दिल्यावर किती जंत होतात हे माहीत होते.

आमच्या तालुक्याच्या गावी ती जोडी कुठून आणायची? अर्जात मार्गदर्शक सरांनी सोपा मार्ग लिहिला होता. अ‍ॅनिमल हाऊसमधल्या स्विस अल्बिनो उंदरांना पिनवर्म, म्हणजे आतड्यातले बारीक गोलकृमी, आधीच आहेत, तेच वापरू. हे खोटे नव्हते. पिनवर्म हा प्रयोगशाळेतल्या उंदरांचा जुना सोबती आहे, चांगल्या चांगल्या ठिकाणी सापडतो. त्यातला सिफेशिया ऑब्व्हेलाटा हा सीकममध्ये, म्हणजे आंधळ्या आतड्यात राहतो आणि मादी गुदद्वाराबाहेर येऊन कातडीला अंडी चिकटवते. शेपटीखाली पारदर्शक टेप लावायची, काचपट्टीवर चिकटवायची, सूक्ष्मदर्शकाखाली एका बाजूने सपाट अशी लांबट अंडी मोजायची. प्राणी मारावा लागत नाही, रोज पाहता येते.

समितीत चर्चा दोन गोष्टींवर झाली. पिंजरे कमी होते म्हणून अर्जात चारही गटांचे उंदीर शेपटीवर खुणा करून एकत्र ठेवायचे लिहिले होते. पशुवैद्यांनी ते तिथल्या तिथे खोडले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, एकाला दिलेले औषध दुसऱ्याच्या पोटात जाते. दुसरी गोष्ट मी लावून धरली : शेवटी जंत प्रत्यक्ष मोजले जावेत, म्हणजे उंदरांना वेदनारहित मारून आतडी उघडावीत. सरांना ते नको होते. टेपवर काम भागत असेल तर प्राणी कशाला मारायचे, हा त्यांचा मुद्दा नैतिकतेच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. अखेर शवविच्छेदन 'आवश्यक वाटल्यास' म्हणून मंजुरीत आले. हे दोन शब्द पुढे कामी आले.

चोवीस उंदीर, सहाचे चार गट. पहिल्याला नुसता सीएमसीचा, म्हणजे औषध कालवायला वापरतात तो औषधाविना द्राव (हा नियंत्रण गट), दुसऱ्याला अल्बेंडाझोल, तिसऱ्याला पळसबीचा अल्कोहोलमधला अर्क किलो वजनाला २०० मिलिग्रॅम, चौथ्याला ४००. पाच दिवस, तोंडातून नळीने.

अडचण

पहिली टेप मार्चच्या अखेरीस घेतली. चोवीसही उंदीर पॉझिटिव्ह, अंडी भरपूर. गट पाडून औषध सुरू झाले. औषध संपल्यावर काही दिवसांनी दुसरी टेप घेतली. अल्बेंडाझोलच्या गटात अंडी जवळपास नाहीत, अर्काच्या दोन्ही गटांत थोडकीच. सरांनी आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांवरून टक्केवारी काढली आणि पळसबीचा अर्क अल्बेंडाझोलच्या तोडीचा दिसला. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला याच अर्काची गोळी बनवायला द्यायची, असेही ठरत आले होते.

तक्त्यात चौथी ओळही होती. औषध न दिलेल्या गटातही अंडी तितकीच उतरली होती. मसुद्यात त्याचे स्पष्टीकरण एका वाक्यात होते : लागण आपोआप बरी होणारी असल्याने नियंत्रण गटातही घट दिसली.

प्रगती अहवाल म्हणून तो मसुदा समितीपुढे आला. आम्ही शास्त्राचे लोक वजने, मात्रा, सांख्यिकी यांत अडकलो असताना बाईंनी तक्ता पुढे ओढला आणि विचारले, "ज्यांना काहीच दिले नाही त्यांचेही जंत गेले, तर औषधाने नेमके काय केले?" सर म्हणाले, "बाई, पण आधीपेक्षा कमी झालेत ना." बाई म्हणाल्या, "सगळ्यांचेच झालेत."

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता तसेच पुढे जाण्याचा. प्रत्येक गटाची स्वतःच्याच आधीच्या आकड्याशी तुलना करायची, नियंत्रण गटाबद्दल ते एक वाक्य ठेवायचे. विद्यापीठाच्या परीक्षकाने आक्षेप घेतला असता असे नाही. असे प्रबंध निघतात.

दुसरा पर्याय प्रयोग रद्द करून नवे उंदीर घेण्याचा. सर त्याला तयार होते, पण कारण कळल्याशिवाय नवे उंदीर घेतले तर तीच चूक नव्या चोवीस प्राण्यांवर झाली असती. केंद्रीय प्रतिनिधींनी यावर स्पष्ट नकार दिला.

तिसरा पर्याय माझा होता : आताच आतडी उघडा. पण त्यालाही विद्यार्थिनीची हरकत होती, आणि ती रास्त होती. "सर, नुसते जंत मोजले तर या वेळी किती आहेत ते कळेल. पण टेपवर अंडी का उतरली ते नाही कळणार." तिने एक दिवस मागितला. तो दिवस दिला, हा माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय.

घाई करायला एक कारण होते. सिफेशियाचे अंडे पोटात गेल्यापासून नवी मादी अंडी घालायला लागेपर्यंत साधारण ११ ते १५ दिवस जातात. कातडीवरचे अंडे काही तासांतच लागण करण्याजोगे होते, उंदीर अंग चाटतो, पुन्हा गिळतो. औषध संपून दोन आठवडे उलटले असते तर अल्बेंडाझोलच्या गटातही नवे जंत दिसू लागले असते आणि सगळेच आकडे एकमेकांत मिसळले असते. एक-दोन दिवस परवडणार होते, आठवडा नाही.

काय केले

विद्यार्थिनी आधी काकांकडे गेली. काका रजिस्टर ठेवतात : भुसा कधी बदलला, खाद्याच्या पेलेटचे पोते कधी उघडले, कोणी किती वाजता कोणत्या पिंजऱ्याला हात लावला. ते रजिस्टर प्रबंधासाठी कोणी पाहत नाही, तपासणीच्या वेळी पुढे केले जाते एवढेच. तिला संशय होता की कोणीतरी सगळ्या उंदरांना पाण्यातून औषध दिले असावे. तपासणीआधी असे करण्याची पद्धत काही ठिकाणी असते.

काकांनी साफ नाकारले. "ताई, औषध-बिऔषध काही नाई टाकलं म्या. पन तुमी मांगच्या टायमाले दुपारी आल्या व्हत्या, अन् ह्या खेपी सकाऊनच." एप्रिल लागला तसे महाविद्यालय सकाळचे झाले होते. विदर्भात ते होतेच, पारा ४२-४३ला गेला की शाळा-कॉलेजे सकाळी सातला भरतात आणि दुपारी कोणी थांबत नाही. पहिली टेप दुपारी दीडच्या सुमाराची होती, दुसरी सकाळी साडेसातची.

मी ते ऐकल्यावर मला आश्चर्य वाटले नाही, वाटायला हवे होते ते आधीच विचारले गेले नाही याचे. पिनवर्मच्या अंडी घालण्याला दिवसाची लय असते. माणसाच्या पिनवर्मची मादी रात्री बाहेर येते, म्हणून लहान मुलांची टेप पहाटे, अंघोळीआधी घ्यायला सांगतात. उंदीर रात्री जागतो आणि दिवसा झोपतो, त्याच्या जंताची वेळ त्याच्या दिवसाशी बांधलेली. उंदरांच्या मोठ्या भाईबंदातला, म्हणजे रॅटमधला सिफेशिया म्युरिस या लयीसाठी चांगला अभ्यासला गेला आहे. वेगळ्या वेळी घेतलेल्या दोन टेपांची तुलना करणे म्हणजे जंत मोजण्याऐवजी घड्याळ मोजणे.

त्याच दुपारी सगळे थांबले. कुलरच्या आवाजात, घामाघूम होऊन, विद्यार्थिनीने सगळ्या टेपा पुन्हा घेतल्या. या वेळी काचपट्ट्यांवर गटाचे नाव न घालता काकांनी नुसते आकडे टाकले आणि कुठला आकडा कुठल्या पिंजऱ्याचा ती चिठ्ठी बाईंकडे दिली. अंडी मोजून झाल्यावर चिठ्ठी उघडली.

औषध न दिलेला गट पुन्हा पॉझिटिव्ह होता, आधीइतकाच. अर्काचे दोन्ही गटही. अल्बेंडाझोलचा गट तेवढा उतरलेला.

काकांनी तक्ता पाहून म्हटले, "मंग पयसानं (पळसानं) काहीच नाई केलं का जी?" विद्यार्थिनीने उत्तर दिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुरीतले 'आवश्यक वाटल्यास' वापरले. उंदरांना कार्बन डायऑक्साइडने मारले, सीकम आणि कोलन, म्हणजे त्यापुढचे मोठे आतडे, वेगवेगळ्या पेट्रीडिशमध्ये सलाईनमध्ये उघडले, जंत चाळून डिसेक्टिंग सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. मोजणारीला गट माहीत नव्हते.

निष्पत्ती

सीकममध्ये, नियंत्रण गट आणि अर्काचे दोन गट यांत म्हणण्याजोगा फरक नव्हता. ४०० मिलिग्रॅमच्या गटात सरासरी थोडी कमी होती, पण एकेका उंदरातले आकडे इतके वरखाली की त्या फरकावर काही उभे करता येत नव्हते. अल्बेंडाझोलच्या गटात प्रौढ माद्या जवळपास नव्हत्या, काही उंदरांत लहान, अपक्व जंत मात्र सापडले.

हिशेब करायची पद्धत साधी आहे. औषध न दिलेल्या गटाची सरासरी घ्या, त्यातून औषध दिलेल्या गटाची वजा करा, पहिल्या सरासरीने भागा, शंभराने गुणा. पशुवैद्यकीय परजीवीशास्त्राच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत जंतनाशक परिणामकारक म्हणायला किमान ९० टक्के घट लागते. ही तत्त्वे मुख्यतः पाळीव जनावरांसाठी आहेत, उंदरांच्या पिनवर्मसाठी नाहीत, तरी मोजमाप म्हणून ती हाताशी ठेवायला हरकत नाही. पळसबीचा अर्क त्याच्या जवळपासही नव्हता.

आणि मग कोलन. तिथे दुसरी जात निघाली : अ‍ॅस्पिक्युल्युरिस टेट्राप्टेरा. तिची मादी बाहेर येत नाही, अंडी लेंड्यांतून जातात, म्हणून टेपवर ती कधीच दिसत नाही. अंडेही वेगळे, दोन्ही बाजूंनी सारखे. लेंड्या मिठाच्या संपृक्त द्रावणात तरंगवून पाहिल्या असत्या तर सुरुवातीलाच कळले असते. म्हणजे जो प्रयोग एका जंतावर चालला आहे असे सगळे समजत होते, तो दोन जंतांवर चालला होता, आणि मोजमाप एकाचेच होत होते.

चौथ्या गटाबद्दल आणखी एक नोंद आहे, आणि मला ती जंतांच्या आकड्यांहून महत्त्वाची वाटते. मोठ्या मात्रेच्या उंदरांचे वजन उतरले होते, त्यांतला एक उंदीर मलूल झाला म्हणून पशुवैद्यांनी त्याला आधीच प्रयोगातून काढला होता. प्रबंधात 'अर्क सुरक्षित' असे लिहिलेले होते, आधार होता आधी केलेल्या तीव्र विषाक्तता चाचणीचा. त्यात किलोला २००० मिलिग्रॅमपर्यंत एकच मात्रा देऊन १४ दिवस पाहिले होते आणि एकही उंदीर मेला नव्हता. पण एका मात्रेने मेले नाहीत याचा अर्थ पाच दिवस रोज दिल्यावर काही होणार नाही असा होत नाही. पळसबीतल्या ज्या घटकाला जंतनाशक मानतात त्याचे नाव पॅलासोनिन. रसायन म्हणून तो कँथरिडिनचा सख्खा भाऊ, जे अंगावर फोड आणणाऱ्या भुंगेऱ्यांत असते आणि मूत्रपिंडाला इजा करते. म्हणजे अर्काची मात्रा वाढवत नेली तर जंताआधी उंदीर जायची शक्यता होती. गोळी बनवण्याचा पुढचा प्रकल्प याच नोंदीवर थांबला, जंतांच्या आकड्यांवर नाही.

सर नाराज होते. प्रबंध नकारात्मक निष्कर्षासह सादर झाला, तोंडी परीक्षेत परीक्षकांनी दुपारच्या-सकाळच्या टेपेबद्दलच अर्धा वेळ विचारले आणि पदवी मिळाली. लेख म्हणून तो अजून कुठे छापून आलेला नाही. मिळालेला निष्कर्ष एवढाच : या झाडांच्या बियांचा, या द्रावकातला, या मात्रेतला अर्क, या जातीच्या जंतावर, पाच दिवसांत चालला नाही. पळसबी जंतावर निरुपयोगी आहे असे त्यातून निघत नाही, आणि विद्यार्थिनीने तसे लिहिलेही नाही. तिच्या गावात तिला लोक अजून विचारतात, आणि ती शेळ्यांना मापाशिवाय देऊ नका एवढेच सांगते.

वेगळे काय करता आले असते

वेळेचा मुद्दा उघड आहे. टेप घ्यायची तर रोज एकाच वेळी, आणि उन्हाळी वेळापत्रक लागणार हे माहीत असताना तारखा त्यापुढे लांबवायच्या नाहीत. त्याहून मोठा मुद्दा मंजुरीच्या दिवशीचा आहे. जंतनाशकाची परीक्षा अंड्यांवर घ्यायची की जंतांवर, हे आधी ठरायला हवे होते. अंड्यांचे प्रमाण बदलायला जंत मरावाच लागतो असे नाही. मादी काही दिवस अंडी घालायची थांबते, उंदराचे वय वाढते तसा जोर कमी होतो, आणि वेळ तर पाहिलीच. समितीने 'आवश्यक वाटल्यास' ऐवजी 'शेवटी' लिहिले असते तर वाद उरला नसता. सहा-सहा उंदीर शेवटी मारावे लागले असते हे खरे, पण चोवीस उंदरांना पाच दिवस नळी घालून काहीच न कळणे हेही प्राण्यांच्या जिवावरच चालते.

पिंजऱ्यांचे आणखी एक अंग आमच्या सगळ्यांच्या नजरेतून सुटले. पशुवैद्यांनी गट वेगळे केले ते बरोबर, पण सहाचे सहा उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवल्याने पिंजरा आणि गट एकच झाले. एका पिंजऱ्यात लागण जास्त फिरली, तर ती औषधामुळे की भुशामुळे हे सांगता येत नाही. तीन-तीनचे दोन पिंजरे प्रत्येक गटाला दिले असते तर थोडे कळले असते. पिंजरे कमी हेच खरे कारण होते, आणि ते अजून कमीच आहेत.

गट पाडताना वजन पाहिले होते, लागणीची तीव्रता नाही. पहिल्या टेपेच्या आकड्यांवर उंदीर लावून, मग चिठ्ठ्या टाकून गट केले असते तर एकेका उंदरातली ती वरखाली थोडी आवरली असती. तेही टेप विश्वासाची असेल तरच.

आणि बिया. पळसाच्या सगळ्या बिया गावच्या एकाच पांदणीवरच्या, मागच्या उन्हाळ्यातल्या, वर्षभर डब्यात ठेवलेल्या. त्यात पॅलासोनिन किती होते हे कोणी मोजले नाही. वनस्पतीचा अर्क चालला नाही म्हणताना ही पायरी नसेल तर पुढचा माणूस कशाशी ताडून पाहणार?

पुढच्या वर्षीच्या अर्जात सरांनी पुन्हा अ‍ॅनिमल हाऊसचेच पिनवर्म लिहिले होते. आता दोन जाती माहीत आहेत, वेळही माहीत आहे, मग अडचण काय, असे त्यांचे म्हणणे. माझे म्हणणे होते की जे उंदीर इतर प्रयोगांनाही जातात त्यांच्यातले जंत सांभाळून ठेवणे दुसऱ्या सगळ्या प्रयोगांना घातक आहे. पिनवर्ममुळे उंदराची रोगप्रतिकारशक्ती बदलते, मग सूज, अ‍ॅलर्जी, वजन यांवरच्या कुठल्या प्रयोगावर विश्वास ठेवायचा? ते उंदीर औषध देऊन, पिंजरे ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करून, भुसा बदलून स्वच्छ करायला हवेत. सर म्हणाले की पिनवर्मची अंडी धुळीत महिनोनमहिने राहतात, तालुक्याच्या गावी हे जमणार नाही. अंडी चिवट असतात यात ते चुकीचे नव्हते.

मधला मार्ग विद्यार्थिनीने सुचवला, आणि तो शेळ्यांतून आला. आठवडी बाजाराच्या दिवशी कापलेल्या बकऱ्यांची चौथी पोटे मटणवाल्याकडून आणायची. त्यांत हिमाँकस हा रक्त पिणारा गोलकृमी विदर्भातल्या शेळ्यांत, बेरारी असो की गावठी, पावसाळ्यानंतर भरपूर मिळतो. माद्यांतून अंडी काढून, अर्काच्या वेगवेगळ्या सौम्य द्रावणांत ठेवून, ४८ तासांत किती उबली ते मोजायचे. प्राणी कोणाला मारावा लागत नाही, जंत खरा गोलकृमी आहे, आणि शेळीपालकांना ज्याचा त्रास आहे तोच आहे. अंडी उबण्याच्या चाचणीलाही मर्यादा आहेत. शेळीच्या पोटात अर्काचे काय होईल ते ती सांगत नाही, आणि आयव्हरमेक्टिनसारखी औषधे तर तिच्यात दिसतच नाहीत. पण गांडुळाच्या वाटीपेक्षा ती कितीतरी बरी.

समितीने तो अर्ज मंजूर केला आणि उंदरांचा परत पाठवला. अ‍ॅनिमल हाऊस स्वच्छ करण्याचा ठराव झाला आहे, पैसे पुढच्या अंदाजपत्रकात मागितले आहेत. दरम्यान काकांच्या रजिस्टरमध्ये वेळेचा रकाना लाल शाईने आखला गेला आणि प्रत्येक टेपेवर तारखेसोबत तास लिहिल्याशिवाय काचपट्टी सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत जाऊ द्यायची नाही, असे काकांनीच ठरवून टाकले आहे.